गावतलावाचा कारभार सर्वांना सोबत घेऊन: नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

पूर्व विदर्भाला समुद्र नाही. परंतु भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानपट्ट्यात तलाव किंवा बोडी (लहान तलाव) नसलेले गाव क्वचितच सापडते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी जमिनीचा उतार ओळखून हे तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे आजही सांगितले जाते. मालगुजारीच्या (जमीनदारीसारख्या पद्धतीच्या) काळात पाळीची (तलावाच्या बांधाची) दुरुस्ती आणि पाण्याची वाटणी गावातल्या गावात होत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले, आणि त्यानंतर एकाच तलावाचे सिंचन एका कार्यालयाकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे आणि जमिनीची नोंद तिसऱ्याकडे अशी विभागणी झाली. तलाव मात्र एकच राहिला. त्यावर अवलंबून असलेले शेतकरी, मासेमारी करणारे ढिवर, गुराखी आणि धुणे धुणाऱ्या बायाही त्याच काठावर राहिल्या.

ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले सदस्य, नुकतेच रुजू झालेले ग्रामसेवक, बचत गटांच्या महिला आणि संस्थांत काम सुरू करणारे तरुण यांच्यासाठी हा लेख आहे. तलावाच्या व्यवस्थापनात संबंधित सर्वांना सहभागी करून घेण्याचे काम कोठून सुरू करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे सांभाळून पाऊल टाकावे, एवढेच येथे सांगायचे आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. आराखडा तयार झाल्यावर लोकांना विचारणे म्हणजे सह्या गोळा करणे होय. कागद कोरा असताना विचारले, तरच त्याला सहभाग म्हणता येते, आणि त्यातही ज्याचे पोट थेट पाण्यावर आहे त्याला सर्वांत आधी विचारले पाहिजे.

किनारपट्टीवर ही गोष्ट काही प्रमाणात कायद्याने घडते. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने काढण्यात आली, आणि किनारी आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवून हरकती व सूचना मागवणे हा त्या प्रक्रियेचा भाग बनला. कायद्याच्या बाहेरही तेथे चांगली उदाहरणे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे समुद्री कासवांची अंडी पूर्वी उकरून नेली जात. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांनाच सोबत घेऊन घरट्यांची राखण सुरू केली आणि ती टिकली.

आपल्या तलावांची स्थिती वेगळी आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये केंद्राने नियम केले खरे, पण सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, त्यामुळे त्याच्याकडे शासनाचे आणि न्यायालयाचे लक्ष आहे. तुमच्या गावच्या चार-सहा एकरांच्या बोडीसाठी मात्र मसुदा घेऊन कोणी दारी येणार नाही. ती सुनावणी गावाने स्वतःच स्वतःसाठी घ्यावी लागते.

आधी कागद पाहावेत

लोकांकडे जाण्यापूर्वी तलावाचे कागद हाताशी असावेत, नाहीतर पहिल्याच बैठकीत "हा तलाव आहे तरी कोणाचा" या प्रश्नावर सगळा वेळ जातो. तलाठ्याकडून गट क्रमांक, सातबारा आणि गावनकाशा घ्यावा. सर्वसाधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे राज्य शासनाच्या विभागांकडे असतात. आपला तलाव कोणाकडे आहे, हे लेखी माहीत करून घ्यावे. मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, तो कोणी दिला आणि कधी संपतो, याची प्रत मिळवावी. एखादे कार्यालय कागद देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा; त्याला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दोन जुने कागद विदर्भात विशेष महत्त्वाचे आहेत आणि नवे कार्यकर्ते नेमके तेच विसरतात. एक निस्तार पत्रक आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ आणि कलम १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. गावच्या मोकळ्या जमिनीचा वापर गावकऱ्यांनी कसा करावा, याची व्यवस्था निस्तार पत्रकात असते. पाणी घेण्याच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या चालत आलेल्या रूढी वाजिब-उल-अर्जात नोंदलेल्या असतात. कोणत्या घराण्याला पाणकराचा (पाणी वाटणाऱ्याचा) मान होता, कोणत्या बाजूने गुरे पाण्यावर जात, बुडीत भागात पीक घेण्याची मुभा होती की नव्हती, अशा गोष्टी तेथे सापडण्याची शक्यता असते. तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात चौकशी करावी. प्रत मिळाली की ती झेरॉक्स करून एक संच ग्रामपंचायतीत, एक ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेत आणि एक शाळेत ठेवावा. कागद एकाच माणसाच्या कपाटात असला की पुढची सगळी चर्चा त्या माणसाच्या मर्जीवर चालते.

काठ पायी फिरावा

कागदांनंतर पायी फेरी. ती एकट्याने करू नये आणि एकदाच करून थांबू नये. पहाटे जाळे काढायला जाणाऱ्या ढिवर बांधवांबरोबर, सकाळी धुणे घेऊन येणाऱ्या बायांबरोबर, दुपारी गुरे पाण्यावर आणणाऱ्या गुराख्याबरोबर आणि एखाद्या संध्याकाळी तुडुमाखालच्या (तुडूम म्हणजे शेताला पाणी सोडण्याचे दार) शेतकऱ्यांबरोबर, असा तलाव वेगवेगळ्या वेळी पाहावा. प्रत्येकाला त्यातले वेगळे काही दिसत असते. शेतकऱ्याचे लक्ष तुडुमाच्या गळतीकडे आणि पाळीवरच्या खेकड्यांच्या बिळांकडे जाते. गुराखी दाखवतो की पूर्वीची गुरवाट आता कुंपणात गेली आहे. ढिवर काका डोंगा थांबवून पाण्यात हात घालतात, खालून पाणवनस्पतीची एक लांब हिरवी दोरी वर काढतात आणि सांगतात की ही जिथे आहे तिथे मासा थांबतो, आणि बेशरमाने (काठावर माजणाऱ्या झुडपाने) काठ धरला तिथून ती नाहीशी झाली. हे ज्ञान कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात नसते. म्हणून फेरीत वही सोबत ठेवावी आणि ज्याने सांगितले त्याच्या नावासह, त्याची परवानगी घेऊन, जागच्या जागी लिहून घ्यावे.

या फेऱ्यांतूनच संबंधितांची यादी तयार होते. मच्छीमार संस्थेचे सभासद लगेच आठवतात. परंतु सभासदत्व नसलेली ढिवर कुटुंबे, काठावर झिंगे धरणाऱ्या आणि बाजारात मासे विकणाऱ्या महिला, शिंगाडा लावणारे, कमळकंद काढणारे हे सुटतात. शेतकऱ्यांमध्ये तुडुमाजवळच्या बांध्यांचे (धानाच्या शेतांचे) मालक आणि नहराच्या शेवटी ज्यांच्याकडे पाणी जेमतेम पोहोचते ते, हे दोन वेगळे गट समजावेत. त्यांच्या गरजा सारख्या नसतात. पाणी ओसरल्यावर बुडीत भागात पीक घेणारे, गाळाची माती नेणारे कुंभार आणि वीटभट्टीवाले, पोळ्याला बैल धुणारे, गणपती-शारदेचे विसर्जन करणारी मंडळे यांचीही नावे यादीत यावीत. वरच्या बाजूच्या गावातील शेतकरी, ज्यांच्या शिवारातून तलावाला पाणी येते, त्यांना बहुतेक वेळा कोणीच बोलावत नाही; आणि तलावात पाणी का कमी येते, याचे उत्तर अनेकदा त्यांच्याच धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) असते. तलाव जंगलाला लागून असेल तर वनरक्षकालाही कळवावे.

आणखी एक घटक स्वतः बोलू शकत नाही. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उरलेले थोडे सारस पक्षी तलावांच्या उथळ काठावर आणि धानाच्या बांध्यांत घरटी करतात. त्यांच्या संरक्षणाची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली. तरीही घरटे ज्याच्या बांधीत आहे त्या शेतकऱ्याचे मन वळले नाही, तर न्यायालयाचा आदेश तेथवर पोहोचत नाही. पक्षिमित्रांना यादीत जरूर घ्यावे. मात्र त्यांनी शेतकऱ्याशी आधी बोलावे, पत्रकारांशी नंतर.

मोठ्या सभेआधी लहान बैठका

नवे कार्यकर्ते उत्साहाने थेट ग्रामसभा बोलावतात. तेथे चार-पाच वजनदार माणसे बोलतात, बाकीचे ऐकतात आणि ठराव मंजूर होतो. दोन महिन्यांनी तुडुमावर भांडण झाले की समजते की ठराव सगळ्यांचा नव्हता. हे टाळायचे असेल तर प्रत्येक गटाशी आधी वेगळे बसावे, आणि त्यांच्या जागी बसावे. ढिवर मोहल्ल्यात संध्याकाळी जाळी विणली जात असताना अंगणात बसले की माणसे मोकळी बोलतात. त्याच माणसांना ग्रामपंचायतीच्या खुर्च्यांवर बसवले की ती "तुम्ही ठरवाल ते" एवढेच म्हणतात. महिलांची बैठक महिलांनीच घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती केवळ नोंदवहीत न घेता खरोखर भरवली, तर तलावाच्या घाटावरची अस्वच्छता, काचेचे तुकडे, विसर्जनानंतरचा कचरा, घसरडी पायरी असे जे विषय पुरुषांच्या सभेत कधीच येत नाहीत, ते पुढे येतात.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. "तुमच्या समस्या काय आहेत" असे विचारले की मागण्यांची यादी मिळते: रस्ता द्या, सभागृह द्या. त्याऐवजी तलावाबद्दल नेमके विचारावे. "काका, उन्हाळ्यात पाणी कुठवर राहिलं म्हणजे तुमचं जाळं चालतं?" "मावशी, पूर्वी बाजारात तुम्ही कोणते मासे नेत होतात, आणि आता कोणते मिळत नाहीत?" "भाऊ, तुमच्या बांधीत शेवटचं पाणी कोणत्या महिन्यात लागतं?" अशा प्रश्नांची उत्तरे मोजता येतात, एकमेकांशी ताडून पाहता येतात आणि पुढे वाटाघाटीला उपयोगी पडतात. आपण कमी बोलावे. एखाद्याचे म्हणणे चुकीचे वाटले तरी तेथे दुरुस्त करू नये. लिहून घ्यावे आणि दुसऱ्या गटाला तोच प्रश्न विचारून पाहावा.

बैठकांची वेळ धानाच्या आणि मजुरीच्या दिनक्रमाप्रमाणे ठरवावी. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, तेव्हा गावात दिवसा कोणी सापडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि मळणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मेमध्ये तेंदूपाने. डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात मोकळा. मात्र काही मजूर कुटुंबे याच दिवसांत बाहेरगावी कामाला जातात, म्हणून ती निघण्यापूर्वी त्यांना गाठावे. बैठकीची सूचना केवळ फळ्यावर लावून भागत नाही. मुनादी (दवंडी) द्यावी, मोबाईलच्या गटावर टाकावी, आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्या घरी जाऊन सांगावे.

पाण्याची खूण: जिथे सर्वाधिक वेळ द्यावा

लहान बैठका झाल्या की तलावाच्या पाळीवर, सर्व गटांचे दोन-दोन प्रतिनिधी एकत्र बसवून, जमिनीवर चुन्याने तलावाचा नकाशा काढावा. सलंग (जादा पाण्याची सांडवाट) कुठे, तुडूम कुठे, खोल डोह कुठे, उथळ काठ कुठे, बेशरम कुठवर पसरले, हे लोकांनीच दाखवावे. त्याशेजारी बारा महिन्यांची ओळ काढून कोणत्या महिन्यात कोणाला पाणी किती लागते, ते खडे किंवा बिया ठेवून दाखवावे. हे काम दोन-तीन तासांत होते आणि वादाचा खरा मुद्दा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

बहुतेक तलावांवर तो मुद्दा एकच असतो. ऑक्टोबरमध्ये पावसाने ओढ दिली की भारी (उशिरा पिकणाऱ्या) धानाच्या शेतकऱ्याला शेवटचे पाणी हवे असते, आणि पुढे उन्हाळी धान घ्यायचे झाले तर तलाव तळापर्यंत उपसला जातो. ढिवर संस्थेने पावसाळ्यात बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) सोडलेली असते, रोहू, कटला आणि मृगल वाढायला मे महिन्यापर्यंत पाणी लागते. आणि मरळ, मागूर, शिंगी यांच्यासारखे गावठी मासे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा व्हायचे असतील, तर त्यांची थोडी तरी जोडी डोहात जिवंत राहावी लागते. तुडुमातून आपोआप येते तेवढे पाणी शेताला गेले तर खाली थोडे शिल्लक राहते. परंतु मोटार लावून ते उरलेले पाणीही ओढले की मासा, पाणवनस्पती, गुरांचे पाणी आणि आसपासच्या विहिरींची पातळी, सगळेच एकदम जाते.

येथे कोणाचा हक्क मोठा, या चर्चेत शिरू नये. ती चर्चा संपत नाही. त्याऐवजी एका पातळीवर बोलणे आणावे: कोणत्या खुणेपर्यंत पाणी सर्वांचे, आणि कोणत्या खुणेखालचे पाणी कोणीही उपसायचे नाही. ढिवर प्रतिनिधींना डोंग्यातून डोहाकडे नेऊन बांबूने खोली मोजायला सांगावी. शेतकरी प्रतिनिधींनी सोबत बसावे. मासे जगण्यासाठी डोहात छातीइतके पाणी लागते की कमरेइतके, हे बांबूवर सर्वांसमोर ठरले की त्यावर नंतर शंका राहत नाही. मग त्या पातळीची खूण तुडुमाच्या दगडावर किंवा घाटाच्या पायरीवर तेलरंगाने लाल पट्टा मारून करावी. शाळेतील मुलांनी दर आठवडी बाजाराच्या दिवशी पाणी कोणत्या पायरीला आहे ते वहीत लिहावे. पहिली दोन वर्षे खूण बदलावी लागेल, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे बदल झाल्यावर कोणाला फसवणूक वाटणार नाही.

शेतकऱ्यांना या तडजोडीत काही मिळाले पाहिजे, केवळ त्याग मागू नये. ऑक्टोबरची पाणी देण्याची पाळी नहराच्या शेवटच्या बांध्यांपासून सुरू करून वर यायची, असे ठरवले तर शेवटच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळते आणि मध्येच फोडून घेण्याचे प्रकार कमी होतात. ज्यांच्या जमिनी उंचावर आहेत त्यांनी हलके (लवकर पिकणारे) धान घेतले, तर शेवटच्या पाण्याची गरजच कमी होते. उन्हाळी धानाऐवजी लाखोळी, हरभरा, जवस अशी कमी पाण्याची पिके घेण्याचा विषय कृषी सहायकाला बोलावून काढावा, पण आग्रह करू नये. ज्याने बियाणे आणून ठेवले आहे, त्याला त्या वर्षी थांब म्हणणे योग्य नाही. पुढच्या वर्षाचे बोलावे. पाणी वापर संस्थांच्या २००५ च्या कायद्याने मुखाकडील, मधल्या आणि शेवटच्या शेतकऱ्यांना संचालक मंडळात जागा दिली आहे, ती रचना येथे उपयोगी पडते. तिचा रोख मात्र सिंचनावर असल्याने मासेमार आणि शेती नसलेल्या महिला यांची जागा आपल्यालाच करावी लागते.

ग्रामसभेचा ठराव

एवढे झाल्यावरच विषय ग्रामसभेत न्यावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल, ती गणपूर्तीसाठी लागते. सात दिवस आधी निघणाऱ्या सूचनेत तलावाचा विषय स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा. "आयत्या वेळी येणारे विषय" यात तो कधीही ढकलू नये. ठरावात पाण्याची खूण, पाणी देण्याच्या पाळीचा क्रम, मासेमारी बंद ठेवण्याचे दिवस, विसर्जनाची वेगळी जागा, समितीच्या सदस्यांची नावे आणि समिती किती दिवसांनी हिशेब देणार, हे सगळे लिहून घ्यावे. समितीत ढिवर समाजाच्या महिला आणि शेवटच्या बांध्यांचे शेतकरी नावानिशी असावेत. ठरावाची प्रत ज्या कार्यालयाकडे तलाव आहे त्याला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला पोच घेऊन द्यावी, कारण तलाव त्यांच्या ताब्यात असेल तर त्यांच्या संमतीशिवाय काही गोष्टी अमलात येणार नाहीत.

गडचिरोलीच्या आणि इतर अनुसूचित क्षेत्रांतील गावांना अधिक आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा कायदा) तेथील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयांतील मासे व इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क नमूद आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावात कोणताही निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतला जातो आणि निर्णयापूर्वी विषय अभ्यास गटात चर्चिला जातो. प्रत्येक गावाला सर्वसहमती जमेलच असे नाही. पण तलावासारख्या विषयात हात वर करून मोजलेले बहुमत फारसे कामाचे नसते, कारण गावात ढिवरांची घरे बहुधा थोडीच असतात आणि मतदानात ती नेहमी हरणार.

गाळ, काठ आणि पैसा

सहभागाची परीक्षा काम निघाल्यावर होते. गाळ काढणे हे काम सर्वांना आवडते. शेतकऱ्याला सुपीक माती मिळते, साठवण वाढते, आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून मदतही मिळते. परंतु यंत्र तलावात उतरवण्यापूर्वी कोठून किती खोदायचे, हे चुन्याच्या नकाशावर ढिवर प्रतिनिधींबरोबर ठरवावे. यंत्रचालकाला सोपे पडते म्हणून काठच खोल कापला गेला, तर उथळ, उताराची जागा जाते. पहिल्या पुराबरोबर गावठी मासे अंडी घालायला येतात ते याच उथळ पाण्यात; पाणपक्षी चरतात तेही येथेच. सगळा तलाव एका उन्हाळ्यात उकरू नये, एक बाजू राखून ठेवावी. काठाला सर्वत्र दगडी पिचिंग करून बागेसारखे सुशोभीकरण करण्याची आवड अलीकडे वाढली आहे. पाळीच्या आतल्या अंगाला दगड आवश्यक असतो, पण उगमाकडचा मऊ काठ तसाच राहू द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

काठ पुन्हा जिवंत करता येतो, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर सहकारी संस्था आणि महिलांसोबत तलावांतील बेशरम काढले, कोरड्या तळाचा काही भाग नांगरला आणि पाणी आल्यावर स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हे ठरवताना ढिवरांचेच ज्ञान कामी आले. असे काम करायचे असेल तर बेशरम पाणी उतरल्यावर, मुळासकट उपटावे. तोडून तेथेच टाकले तर कांड्या पुन्हा फुटतात. या कामासाठी रोजगार हमीची मजुरी मिळू शकते का, हे रोजगार सेवकाला विचारावे, आणि गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वनस्पती आणि माशांची स्थानिक नावे लिहून घ्यावीत.

किनारपट्टीवर महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तलावावर पहिल्या पुराच्या दिवसांत तशीच बंदी गावाने घालावी, पण त्या दिवसांत ज्यांची चूल काठावरच्या झिंग्यांवर चालते त्यांना पर्यायी मजुरी देण्याची सोय आधी करावी. बंदी आधी आणि सोय नंतर, असा क्रम लावला की बंदी रात्री मोडली जाते.

पैशाचा हिशेब समाजमंदिराच्या भिंतीवर लिहावा: किती रुपये आले, किती ट्रॅक्टर गाळ निघाला, कोणाच्या शेतात गेला. शेवटची नोंद लोक सर्वांत आधी वाचतात.

अतिक्रमण

पाणी ओसरल्यावर बुडीत भागात पीक घेणाऱ्यांचा प्रश्न नाजूक असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावतलावांवरील आणि सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याबाबत सर्व राज्यांना स्पष्ट निर्देश दिले आहेत, त्यामुळे कायद्याची बाजू भक्कम आहे. पण भूमिहीन माणसाने अर्ध्या एकरात काढलेली भाजी आणि मोठ्या शेतकऱ्याने धुरा सरकवत तलावात घातलेली चार एकर जमीन, ही एकाच मापाने मोजू नयेत. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी, मोजणीच्या दिवशी सर्व गटांना हजर ठेवावे आणि हद्दीवर दगड रोवावेत. मोठ्या अतिक्रमणापासून सुरुवात करावी. गरिबापासून सुरुवात केली, तर गाव समितीकडे पाठ फिरवते आणि पुढची कोणतीही बैठक भरत नाही. भूमिहीनाला पाणी ओसरल्यावर, खतऔषध न वापरता, ठरावीक पट्ट्यात एक पीक घेऊ देण्याची व्यवस्था ग्रामसभेत चर्चेला ठेवावी; जुन्या नोंदींत तशी मुभा असेल तर तिचा आधार घ्यावा. अतिक्रमण हटवण्याचा अधिकार मात्र प्रशासनाचाच आहे. कार्यकर्त्यांनी स्वतः कुंपण तोडायला जाऊ नये.

नोंदवही आणि फेरआढावा

सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते, ठेका संपतो. समितीचे काम त्या प्रत्येक वेळी विस्कटू शकते. म्हणून एक जाड बांधणीची नोंदवही ठेवावी आणि तिच्यात बैठकीची तारीख, उपस्थितांच्या सह्या-अंगठे, ठरलेले मुद्दे, पाण्याच्या पायरीच्या नोंदी आणि त्या वर्षी जाळ्यात आलेल्या माशांची नावे लिहावीत. ज्यांनी विरोध केला त्यांचे म्हणणेही त्यांच्याच शब्दांत लिहावे. विरोधकाला आपले म्हणणे नोंदले गेल्याचे दिसले की तो पुढच्या बैठकीला येतो.

वर्षातून दोनदा तलावाच्या पाळीवरच आढावा घ्यावा: एकदा कापणी आटोपल्यावर, पाण्याच्या पाळीचे काय झाले ते पाहण्यासाठी, आणि एकदा मेच्या शेवटी, मृगापूर्वी, जेव्हा तळ दिसत असतो आणि तुडूम, सलंग, पाळ यांची दुरुस्ती करायला दोन आठवडे हातात असतात. त्या दुसऱ्या बैठकीत लाल पट्टा पुन्हा रंगवावा, आणि तो कोणत्या पायरीवर रंगवायचा हे त्या वर्षी डोहात किती मासे जगले ते पाहून ढिवर प्रतिनिधींनी आधी सांगावे, शेतकऱ्यांनी नंतर. नव्या ठेक्याची मुदत जवळ आली असेल तर ठेका देणाऱ्या कार्यालयाला नोंदवहीची प्रत त्याच आठवड्यात द्यावी, म्हणजे करारनाम्यात खुणेची अट घालण्याची विनंती वेळेत पोहोचते.